लेस्टरचे दोन संचालक

1936 साली लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'मध्ये माल्कम सार्जंट यांची एक मुलाखत छापून आली. वाद्यवृंदातल्या वादकाला जन्मभराच्या नोकरीचा हक्क नाही, त्याने प्रत्येक सुरागणिक रक्त आटवलं पाहिजे, असा तिचा आशय होता. सार्जंट तेव्हा इंग्लंडमधले नामवंत संचालक होते आणि एका जीवघेण्या आजारातून उठून पुन्हा कामाला लागले होते. 1932 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना क्षयाने गाठलं होतं आणि जवळजवळ दोन वर्षं ते काहीच करू शकले नव्हते. त्या दिवसांत ज्यांनी त्यांच्यासाठी खिशात हात घातला, त्यांत हेच वादक होते. मुलाखत वाचून ते जे दुखावले, ते कायमचेच. पुढची तीस वर्षं श्रोत्यांनी सार्जंटना डोक्यावर घेतलं, गायकवृंदांनी त्यांच्यावर जीव लावला. वाद्यवृंदांशी मात्र त्यांचं सूत पुन्हा पूर्वीसारखं जुळलं नाही.

एका फटकळ माणसाची जीभ घसरली, असं म्हणून हे प्रकरण मिटवता येत नाही. संचालकाचं वाद्य म्हणजे साठ-सत्तर माणसं. त्यांचे हात, त्यांचा श्वास, त्यांची तालीम आणि त्यांचं घरभाडंही. या माणसांना उद्याची शाश्वती असावी की नसावी, हा प्रश्न हिशेबनिसाचा वाटतो, पण तो संगीताच्या अगदी गाभ्यातला आहे. सार्जंटनी त्याचं जे उत्तर दिलं ते चूक होतं. ते चुकले कुठे, हे समजून घ्यायचं तर लंडन सोडून आधी लेस्टरला जावं लागतं.

सार्जंट यांचा जन्म 29 एप्रिल 1895 चा, केंट परगण्यातल्या ॲशफर्डचा. पण वाढले ते लिंकनशरमधल्या स्टॅमफर्ड गावात. वडील कोळशाच्या धंद्यात नोकरीला होते आणि हौसेने चर्चचा ऑर्गन वाजवायचे. मुलाने सोळाव्या वर्षी ऑर्गनवादनाची पदविका मिळवली, अठराव्या वर्षी डरहॅम विद्यापीठाची संगीतातली पदवी आणि चोविसाव्या वर्षी डॉक्टरेट. एवढ्या लहान वयात संगीतात डॉक्टर झालेला दुसरा माणूस तेव्हा इंग्लंडमध्ये नव्हता. 1914 पासून ते मेल्टन मोब्रे इथल्या सेंट मेरी चर्चमध्ये ऑर्गनवादक होते. हे गाव लेस्टरपासून पंधराएक मैलांवर, कोल्ह्याच्या शिकारीसाठी प्रसिद्ध. शिकारीला आलेले राजघराण्यातले लोक तिथल्या हौशी मंडळींनी बसवलेले गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीत-प्रहसनांचे प्रयोग बघायला यायचे. प्रयोग बसवायचा तो हाच तरुण ऑर्गनवादक.

त्या काळातलं लेस्टर म्हणजे मोजे, बनियन आणि बूट यांचं शहर. कारखानदारीतून आलेला पैसा काही अंशी गावाच्या संगीतातही उतरला. 1913 मध्ये नगरपालिकेने डी मॉन्टफर्ट हॉल उभारला, सुमारे दोन हजार माणसं बसतील एवढा. त्यातला भव्य ऑर्गन होजिअरीचे कारखानदार आल्फ्रेड कोराह यांनी दिला आणि तो बांधला लेस्टरच्याच कारागिरांनी. कापसाच्या गिरण्यांवर उभ्या राहिलेल्या मुंबई-सोलापूरच्या वाचकांना हा प्रकार अनोळखी वाटू नये.

याच सभागृहात 3 फेब्रुवारी 1921 रोजी हेन्री वुड आपला क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रा घेऊन आले. लंडनच्या प्रॉमेनेड मैफलींचा, म्हणजे 'प्रॉम्स'चा, हा कर्ताधर्ता माणूस. कार्यक्रमात मेल्टनच्या सार्जंटने रचलेली 'ॲन इम्प्रेशन ऑन अ विंडी डे' ही छोटी रचना होती. ती बसवायला वुडना वेळ मिळाला नव्हता, म्हणून त्यांनी काठी रचनाकाराच्याच हातात दिली. हौशी गायकांना हाताळणारा तरुण अचानक देशातल्या एका तयार वाद्यवृंदासमोर उभा राहिला आणि त्याने तो सहज चालवून दाखवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वुडनी त्यांना लंडनला, प्रॉम्सच्या मंचावर बोलावलं. सार्जंटना रचनाकार व्हायचं होतं, पियानोवादकही व्हायचं होतं. बेनो मॉइसेविच यांच्यासारखा पियानोवादक त्यांना फुकट शिकवत होता, मैफली गाजवण्याएवढी कुवत तुझ्यात आहे असं सांगत होता. पण त्या एका संध्याकाळनंतर वाट बदलली.

लगेच पुढच्या वर्षी, 1922 मध्ये, लेस्टर सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला. तो हौशी वादकांचा होता, आजही आहे. 1939 पर्यंत सार्जंट त्याचे संचालक होते. लंडनमध्ये नाव झाल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. त्यांच्या शब्दाखातर आल्फ्रेड कॉर्तो, आर्टर श्नाबेल, सॉलोमन, चेलोवादक गिलेर्मिना सुजिया असे युरोपभर मान असलेले कलावंत लेस्टरच्या हौशी वादकांबरोबर वाजवायला आले. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्याच्या गावच्या संगीत मंडळाच्या साथीला आघाडीच्या बुजुर्गांनी दरवर्षी येऊन बसावं, अशातली ही गोष्ट.

हौशी वाद्यवृंदाची तालीम कशी असते, हे इथे नीट पाहायला हवं, कारण सार्जंटचे गुण आणि दोष दोन्ही तिथेच घडले. दिवसभर नोकरी-धंदा करून माणसं संध्याकाळी येतात. पहिल्या व्हायोलिनच्या रांगेत एकाचा गज वर चाललेला, शेजारच्याचा खाली. पितळी वाद्यांना सुरात यायला अर्धा क्षण जास्त लागतो, म्हणून त्यांचा ठोका मागे पडतो. शांत जागी सगळे घाई करतात, कठीण जागी सगळे रेंगाळतात. अशा लोकांना सूर-ताल समजावून भागत नाही. त्यांना धीर द्यावा लागतो. काठीचा प्रत्येक ठोका ढळढळीत दिसला पाहिजे. प्रवेश कुणाचा, हे डोळ्यांनी आधी सांगितलं पाहिजे. खाली येणाऱ्या ठोक्याच्या आधी हात जो वर उचलला जातो, त्यातच लय, जोर आणि भाव हे तिन्ही आलं पाहिजे. हात उचलताना संचालक चाचरला, तर पन्नास माणसं पन्नास ठिकाणी समेवर येतात. सार्जंटचा हात या बाबतीत अचूक होता. 1931 मध्ये लीड्सच्या महोत्सवात विल्यम वॉल्टन यांचं 'बेलशाझर्स फीस्ट' पहिल्यांदा गायलं गेलं. गायकवृंदाला तोवर इतकं अवघड काही गावं लागलं नव्हतं. सार्जंटनी ते त्यांच्याकडून गाऊन घेतलं. ही विद्या त्यांनी मेल्टनच्या हौशी रंगमंचावर आणि लेस्टरच्या तालमींत कमावली होती.

पण हौशी वादकाचं पोट वाद्यावर चालत नसतं. तो येतो तो निव्वळ प्रेमापोटी, आणि त्याच्याकडून उत्साहाखेरीज काही मागायचं नसतं. ज्याची सगळी उमेदवारी अशा माणसांत गेली, त्याला पगारी वादकाचा थंडपणा हा गुन्हा वाटला असेल, हे समजण्यासारखं आहे. महिन्याकाठी वीस कार्यक्रम वाजवणारा, तीच सिंफनी चाळिसाव्यांदा वाजवणारा, पाठीच्या दुखण्यासह बसलेला माणूस रोज भारावून जात नाही. त्याने जावं, अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे त्याच्या कामाचं स्वरूपच न ओळखणं. हौशी माणसाच्या प्रेमाचा निकष सार्जंटनी पोटार्थी माणसाच्या कामाला लावला. 1936 च्या मुलाखतीचं मूळ इथे आहे, असं मानायला भरपूर जागा आहे.

सार्जंटच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण त्यांचा प्रश्न पोकळ नव्हता. लंडनच्या वाद्यवृंदांत एके काळी बदली माणूस पाठवण्याची सर्रास चाल होती. तालमीला एक वादक यायचा, मैफलीच्या दिवशी जास्त पैशांचं काम मिळालं की आपल्या जागी भलत्यालाच पाठवून द्यायचा. ज्याच्याबरोबर तालीम केली तोच मैफलीत दिसेल याची संचालकाला खात्री नसे. 1904 मध्ये वुड यांच्या ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने ही चाल बंद केली, तेव्हा चाळीसच्या आसपास वादक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या मालकीचा लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. वादक शिस्त मोडतात, असा एक निष्कर्ष यातून काढता येतो. दुसरा जास्त खरा आहे: ज्याला महिन्याची खात्री नाही, तो मिळेल त्या कामामागे धावणारच. बदलीची खोड शाश्वतीमुळे जडलेली नव्हती, ती अशाश्वतीतून आली होती.

सार्जंटचं स्वतःचं आयुष्यही हेच सांगतं. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही, 1942 ते 1948, ते लिव्हरपूल फिलहार्मोनिकचे मुख्य संचालक होते. याच काळात तो वाद्यवृंद हंगामी न राहता वर्षभर पगार देणारा झाला, आणि सार्जंटच्या हाताखाली त्याचा दर्जा वाढला. युद्धात त्यांनी केलेलं काम ब्रिटिश माणूस विसरला नाही. बॉम्ब पडत असलेल्या शहरांत ते मैफली घेऊन फिरले. एकदा बेथोव्हनच्या सातव्या सिंफनीच्या मध्यावर हल्ल्याचा भोंगा झाला, तेव्हा श्रोत्यांना बाहेरपेक्षा इथेच सुरक्षित आहात असं सांगून त्यांनी वादन पुढे चालू केलं. 1944 मध्ये त्यांची तरुण मुलगी पोलिओने गेली. 1947 मध्ये सर हा किताब मिळाला, आणि त्यानंतर मृत्यूपर्यंत प्रॉम्स म्हणजे सार्जंट असं समीकरण झालं. पांढरं कार्नेशन, चापूनचोपून बसवलेले केस, यामुळे वादकांनी त्यांना 'फ्लॅश हॅरी' म्हणायला सुरुवात केली. श्रोत्यांनी ते नाव कौतुकाने उचललं. वादकांच्या तोंडी त्याला दुसरी धार होती.

1950 मध्ये बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राची धुरा त्यांच्याकडे आली. हा वाद्यवृंद 1930 पासून पूर्णवेळ पगारी. सार्जंटनी बीबीसीच्या नोकरीत यायला नकार दिला, मुक्त राहूनच काम केलं, बाहेरचे कार्यक्रमही घेत राहिले. ते त्यांना परवडत होतं. पाचव्या बाकावरच्या व्हायोलावादकाला ते परवडणारं नव्हतं, आणि त्याच्या लक्षात हा फरक आला नसेल असं कसं म्हणावं? 1957 मध्ये सार्जंट त्या पदावरून गेले. प्रॉम्सचं मुख्य संचालकपद मात्र त्यांच्याकडेच राहिलं. ऑक्टोबर 1967 मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

आता दुसरा लेस्टरकर. मार्टिन ब्रॅबिन्स यांचा जन्म 1959 सालचा, लेस्टरचा. बालपण मात्र जवळच्या नॉर्थम्प्टनशरमध्ये गेलं. ब्रासबँडमध्ये यूफोनियम वाजवत ते संगीतात आले, लेनिनग्राडला इल्या मुसिन यांच्याकडे संचालन शिकले आणि 1988 मध्ये लीड्सची संचालकांची स्पर्धा जिंकले. 2016 पासून ते लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराचे संगीत-संचालक होते. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांनी तडकाफडकी राजीनामा दिला. सरकारी अनुदान घटल्यावर व्यवस्थापनाने वाद्यवृंदातल्या एकोणीस जागा कमी करायचा आणि उरलेल्यांना अर्धवेळ करायचा प्रस्ताव ठेवला होता. त्यात आपला सहभाग असू नये, एवढ्याचसाठी ते गेले.

एका शहराशी नातं असलेले हे दोघे, मध्ये सत्त्याऐंशी वर्षं. वादकाच्या कायम नोकरीला नाट लावून एकाने स्वतःच्या वाद्यवृंदांचा विश्वास घालवला. दुसऱ्याने ती नोकरी वाचावी म्हणून स्वतःची सोडली. संचालकाचा अधिकार काठीतून येत नाही, तो समोरच्यांनी दिलेला असतो. आणि ज्यांचं पुढच्या वर्षीचं ठरलेलं नाही, ते असा अधिकार मनापासून कुणाला देणार? स्थैर्याने माणूस आळसावतो, हा आक्षेप घेणाऱ्यांनी व्हिएन्नाकडे पाहावं. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे सगळे वादक तिथल्या स्टेट ऑपेराच्या वाद्यवृंदातून येतात, तिथल्या पक्क्या नोकरीत असतात. त्यांच्या सुराला आळसाचा वास येतो, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

मुंबईची गोष्ट याच मुद्द्यावर येऊन थांबते. मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. शहरातले पारशी, गोव्याचे ख्रिस्ती, युरोपातून आलेले वादक, काही लष्करी बँडमधले, अशी जमवाजमव होती. कामावरून सुटून आलेल्या माणसांनी मेहलींच्या शब्दाखातर वाजवायचं. त्यांचा मुलगा झुबिन या तालमी ऐकत मोठा झाला. तो 1954 मध्ये, अठराव्या वर्षी, व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकायला गेला. 1958 मध्ये त्याने संचालकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली ती लिव्हरपूलला, आणि बक्षीस म्हणून वर्षभर काम मिळालं ते तिथल्याच फिलहार्मोनिकबरोबर. सार्जंटच्या काळात पगारावर आलेला वाद्यवृंद तो हाच. मेहलीही मुंबईत राहिले नाहीत. ते मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायला गेले, तिथून अमेरिकेला. झुबिन मेहतांनी मॉन्ट्रियल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्रायल असे वाद्यवृंद सांभाळले. त्यांच्या थोरवीबद्दल महाराष्ट्र अभिमानाने बोलतो. पण त्यांना ठेवून घेईल असा एकही पगारी वाद्यवृंद मुंबईत नव्हता, हे त्या अभिमानाच्या भरात कुणी बोलत नाही.

वादकच नव्हते असं म्हणावं, तर तेही खरं नाही. त्याच काळात दादर, ताडदेव, महालक्ष्मीच्या ध्वनिमुद्रणशाळांत मोठमोठे वाद्यवृंद रोज वाजत होते. गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन करत आणि स्टुडिओत ताफ्यासमोर उभं राहून तो चालवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवत. प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1958 मध्ये गोन्साल्विसनी भारतीय आणि पाश्चात्त्य संगीत एकत्र आणणारा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा जमवला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मैफल केली. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. ताकद होती, श्रोते होते, दर्जेदार वादक होते. फक्त संस्था नव्हती. सगळ्यांचं पोट शिफ्टवर. एक गाणं, एक दिवस, एवढा हिशेब. 1965 मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला निघून गेले. पुढे विद्युत वाद्यं आणि संगणक आले, तेव्हा त्या शेकडो वादकांना कामावरून काढावंही लागलं नाही. त्यांना फोन येणं बंद झालं.

सरकारी नोकरीतला वाद्यवृंद आपल्याकडे माहीत नाही असं नाही. आकाशवाणीने 1952 मध्ये वाद्यवृंद सुरू केला, त्याच्या संचालनाला रविशंकर होते. पोलिसांचे बँड आहेत, लष्कराचे आहेत, त्यांतल्या वादकांना पगार आहे, निवृत्तिवेतन आहे, आणि ते कवायतीच्या धुनांपलीकडेही कितीतरी वाजवू शकतात. आकाशवाणीतल्या निवृत्त कलाकारांच्या जागा भरल्या जात नाहीत, ही तक्रार मात्र आता फार जुनी झाली.

लेस्टरनेही हे शहाणपण एका दिवसात मिळवलं नाही, आणि मिळवलं ते सार्जंटच्या दिमाखातून नव्हे. 1948 मध्ये लेस्टरशर परगण्याच्या शिक्षण खात्यातले संगीत-सल्लागार एरिक पिंकेट यांनी शाळकरी मुलांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. मुलांना वाद्यं परगण्याने पुरवली, शिक्षक परगण्याच्या पगारावर, तालमी ठरलेल्या. कारकुनाच्या, कामगाराच्या, शेतकऱ्याच्या घरातलं मूल फ्रेंच हॉर्न घरी नेऊ लागलं. मायकेल टिपेट यांच्यासारख्या मोठ्या संगीतकाराला ही मुलं इतकी आवडली की 1960 च्या दशकात त्यांनी तिथे संचालन केलं आणि 'शायर्स स्वीट' ही रचना त्यांच्यासाठी लिहिली. 1972 मध्ये डी मॉन्टफर्ट हॉलमध्ये या मुलांनी हॅवरगल ब्रायन यांच्या दोन सिंफनी ध्वनिमुद्रणासाठी वाजवल्या. तीसहून अधिक सिंफनी लिहिलेला हा संगीतकार तेव्हा 96 वर्षांचा होता, आणि बाजारात आलेली त्याच्या सिंफनींची पहिली ध्वनिमुद्रिका हीच. लंडनचे नावाजलेले वाद्यवृंद ध्वनिमुद्रणासाठी जिकडे फिरकले नव्हते, तिथे शाळकरी मुलं गेली, कारण त्यांच्यामागे उभं राहणारं एक सरकारी खातं होतं. त्याच ब्रायनची 'गॉथिक' ही अवाढव्य सिंफनी 2011 च्या प्रॉम्समध्ये झाली, तेव्हा संचालक होते मार्टिन ब्रॅबिन्स.

आजचं लेस्टर भारतीयांना बेलग्रेव्ह रोडवरच्या दिवाळीमुळे माहीत आहे. तबलावादक गुरमीतसिंग विर्दी यांच्या स्मरणार्थ 2006 मध्ये 'दरबार' हा भारतीय शास्त्रीय संगीताचा महोत्सव याच शहरात सुरू झाला. पुढे तो लंडनला गेला आणि युरोपातला एक प्रमुख महोत्सव झाला. साथीला बसणाऱ्याचा सन्मान करावा, हे त्या महोत्सवाच्या जन्मातच होतं. हिंदुस्थानी मैफलीत संचालक नसतो, पण साथीदाराचा प्रश्न तोच आहे. गवयाचं नाव फलकावर मोठ्या अक्षरांत, पेटी आणि तबला खाली बारीक, बिदागी कार्यक्रमापुरती.

त्याच 2006 सालात मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. हा प्रयत्न मोठा आहे आणि त्याचं मनापासून स्वागत करायला हवं. 2019 मध्ये त्याने ब्रिटनचा दौरा केला, त्यात ब्रॅबिन्स यांनीही संचालन केलं. झाकिर हुसेन यांचं तबला आणि वाद्यवृंदासाठीचं 'पेशकार' त्या दौऱ्यात वाजलं. एनसीपीएने मुलांसाठी शिक्षणवर्गही चालवले आहेत. मात्र हंगाम वर्षातून दोनदाच असतो, आणि मोठ्या वाद्यवृंदातले बहुतेक वादक तेवढ्यापुरते परदेशातून येतात. मुंबईत बारा महिने राहणारा गट लहान आहे. म्हणजे 1935 चा पेच अजून सुटलेला नाही. पुढचा झुबिन मेहता वरळीत किंवा मडगावात आज जन्माला आला, तर विसाव्या वर्षी तो पुन्हा विमानातच बसेल. आणि तो एकटाच जाईल. त्याच्यासमोर बसू शकले असते ते सत्तर वादक इथेच लग्नाच्या वरातीत, शाळेच्या गॅदरिंगला, जाहिरातीच्या अर्ध्या मिनिटाच्या जिंगलमध्ये विखरून राहतील.

त्यामुळे मुंबईच्या पुढच्या हंगामाची कार्यक्रमपत्रिका छापताना संचालकाच्या पानभर परिचयाबरोबर आणखी दोन आकडे छापावेत, अशी मागणी श्रोत्यांनी करायला हरकत नाही: मंचावर बसलेल्यांपैकी इथे वाढलेले किती, आणि त्यांतल्या किती जणांना वर्षभर पगार मिळतो. ब्रॅबिन्सनी लंडनमध्ये ज्यासाठी पद सोडलं, तो हिशेब तेवढाच होता.